घटनादुरुस्तीचा मसुदा चावडीवर लागावा

माननीय अध्यक्ष, लोकसभा, नवी दिल्ली यांस,
बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ येथून.

आमच्या तालुक्यात एकरभर जमिनीचा फेरफार व्हावयाचा असला, तरी तलाठी त्याची नोटीस मराठीत चावडीवर लावतो आणि हरकत घेण्यास 15 दिवसांची मुदत देतो. हरकत आलीच तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत दाखल होऊन तिची सुनावणी होते, आणि मगच नोंद प्रमाणित होते. सातबाऱ्यावरील एका नावासाठी कायद्याने जे आवश्यक मानले, ते ज्या संविधानाच्या आधारावर तो कायदा उभा आहे त्यातच बदल करताना मात्र आवश्यक नाही. अनुच्छेद 368 संसदेचे विशेष बहुमत मागतो, काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमतीही मागतो; जनतेला मसुदा दाखवावा, असे तो कोठेही म्हणत नाही.

संविधान सभा बहुतांशी मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांतून आलेली होती. आमच्याच जिल्ह्यातील वणीचे बापूजी अणे तीत होते, वऱ्हाडचे डॉ. पंजाबराव देशमुखही होते. तरीही फेब्रुवारी 1948 मध्ये तिचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि 4 नोव्हेंबरला सभेपुढे आला. मधल्या आठ महिन्यांत संस्थांनी आणि सामान्य नागरिकांनी सूचना पाठविल्या. तो मसुदा इंग्रजीत होता, आणि त्या काळच्या बाभुळगावात तो वाचू शकणारे फार थोडे असतील, हेही येथे सांगितले पाहिजे. याउलट आर्थिक निकषावरील आरक्षणाची 103 वी दुरुस्ती 8 जानेवारी 2019 रोजी लोकसभेत मांडली गेली व त्याच दिवशी संमत झाली. दुसऱ्या दिवशी राज्यसभेनेही तिला संमती दिली. तिच्या गुणदोषांची चर्चा मी येथे करीत नाही. परंतु जिच्यामुळे आमच्या मुलांच्या शिक्षणाचे व नोकरीचे निकष बदलले, तिचा मसुदा आमच्यापर्यंत पोहोचावयास एक आठवडाही मिळू नये, याचे मला मनापासून दुःख आहे.

विधेयकांचे मसुदे किमान 30 दिवस जनतेपुढे ठेवावेत, असे केंद्र सरकारने 2014 मध्येच ठरविले आहे. पण ते धोरण बंधनकारक नाही, आणि जे बंधनकारक नाही ते घाईच्या वेळी प्रथम बाजूला पडते. म्हणून विनंती अशी की, सभागृहाच्या नियम समितीकडून ही अट निदान घटनादुरुस्तीपुरती नियमांतच घालून घ्यावी: मसुदा मराठीसह राज्यांच्या राजभाषांत चावडीवर लागावा, दवंडी पिटून ग्रामसभेत वाचला जावा, आणि आलेल्या हरकती सरकारच्या उत्तरांसह विधेयकाबरोबर सभागृहाच्या पटलावर ठेवल्या जाव्यात. खरोखरच निकड असेल तेव्हा मुदत कमी करण्यास आमची ना नाही. तिची कारणे मात्र लेखी नमूद व्हावीत.

आपला विश्वासू,
बाभुळगावचा एक मतदार