वाइल्ड कार्ड एका आठवड्याचं, करिअर दहा वर्षांचं

2023 च्या जानेवारीत बालेवाडीच्या टाटा ओपनमध्ये पुण्याच्या मानस धामणेला मुख्य फेरीत वाइल्ड कार्ड मिळालं. वय 15. समोर अमेरिकेचा मायकेल म्मोह. मानस 2-6, 4-6 हरला, पण खेळला जबरदस्त. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं.

पुढच्या वर्षी ती स्पर्धाच पुण्यात उरली नाही. 2018 ला चेन्नईहून आली, पाच वेळा झाली, आणि 2024 पासून जानेवारीतला तो आठवडा हाँगकाँगकडे गेला. सरकारी पाठबळ होतं, सरकारी स्टेडियम होतं, पुढारी बक्षीस द्यायला हजर होते. मग त्या पाच वर्षांतून आपल्या पोरांच्या हाती काय लागलं? हा प्रश्न विचारला की लोक म्हणतात, "पुण्याचं नाव झालं ना!"

नावाने विमानाचं तिकीट निघत नाही, साहेब.

जरा हिशोब मांडू. व्यावसायिक टेनिसची पुरुषांची सगळ्यात खालची पायरी म्हणजे एम15 स्पर्धा. सगळ्यांत मिळून बक्षीस 15 हजार डॉलर. पहिल्या फेरीत हरलात तर 156 डॉलर, म्हणजे तेरा-चौदा हजार रुपये. त्यात आठवड्याचं हॉटेल, जेवण, रॅकेटचं गटिंग आणि परदेशात असाल तर विमान. सोबत कोच नेला तर खर्च दुप्पट. असे वीस-पंचवीस आठवडे दरवर्षी. ज्युनिअर गट अठराव्या वर्षी संपतो आणि खरी उपासमार तिथून सुरू होते.

अतिशयोक्ती वाटते? सुमित नागल देशाचा नंबर एक खेळाडू होता, तेव्हा 2023 मध्ये त्याने जाहीर सांगितलं की बँकेत 900 युरो उरलेत आणि वर्षाचा खर्च कोटीच्या घरात आहे. चारच महिन्यांनी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवलं. नंबर एकची ही गत, तर पाचशेच्या पुढे असलेल्या पोराचं काय?

आणि आपलं सरकार पैसे कधी देतं? पदक आल्यावर. 30 सप्टेंबर 2023 ला आपल्या ऋतुजा भोसलेने बोपण्णासोबत एशियाडचं सुवर्ण जिंकलं. त्यानंतर राज्याने एशियाडच्या सुवर्णाला 1 कोटी जाहीर केले. उत्तमच केलं! पण झाडाला आंबे लागल्यावर पाणी घालायला येणारे खूप असतात. रोपाला कोण घालतं? आई-बाप. पीएफ मोडून, कर्ज काढून.

"टेनिस श्रीमंतांचा खेळ, करदात्याने का पोसायचा?" असं कमेंटमध्ये कुणीतरी म्हणेलच. अहो, बालेवाडीचं संकुल करदात्याच्याच पैशातून उभं आहे. ते वर्षातला एक आठवडा झगमगणार आणि फायदा परवडणाऱ्यांनाच होणार, हे चालतं? खेळ श्रीमंतांचा राहतो, कारण बाकीच्यांचा रस्ता आपण बंद ठेवलाय.

रस्ता काय, तेही सांगतो. ट्युनिशियात मोनास्टिर नावाचं गाव आहे. तिथे जवळपास दर आठवड्याला एम15 स्पर्धा असते. आपली मुलं एकेका पॉइंटसाठी तिथवर जातात! तशाच सलग आठ-दहा आठवड्यांच्या स्पर्धा बालेवाडीत, सोलापुरात, कोल्हापुरात घ्या. साताऱ्याचा पोरगा एसटीने येऊन रँकिंग कमावेल. डेक्कन जिमखान्यावर मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षं होतेय, म्हणजे जमतं. पीएमआरडीएच्या मदतीने चॅलेंजर झाली, तेही योग्य पाऊल. 2024 मध्ये ती जिंकणारा मोनॅकोचा व्हाशेरो ऑक्टोबर 2025 मध्ये शांघाय मास्टर्स जिंकला. बालेवाडीत जिंकला तेव्हा तो 25 वर्षांचा होता. आपण मात्र विसाव्या वर्षीच विचारतो, "अजून काही झालं नाही का? मग नोकरी बघ."

म्हणून मागण्या तीनच. एक, सरकारी मदतीच्या प्रत्येक स्पर्धेचा जमाखर्च जाहीर करा. दोन, खालच्या स्तरावरच्या स्पर्धा सलग आणि घराजवळ घ्या. तीन, 18 ते 23 वयातल्या निवडक मुला-मुलींना चार वर्षांचा करार द्या, प्रवास आणि कोच यांच्यासाठी. निवडीचे निकष जाहीर असू द्या, म्हणजे कुणाचा भाचा मध्ये घुसणार नाही. पुढे कमाई झाली तर त्यांनी ठरावीक हिस्सा परत करावा.

वैष्णवी आडकरने 2025 मध्ये जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्य आणलं. पुण्यात गुणवत्ता नाही असं म्हणायची सोय तिने कुणालाच ठेवलेली नाही.

पुढच्या वेळी नगरसेवक किंवा आमदार खेळाडूच्या सत्काराचा फोटो टाकतील, तेव्हा खाली टाळ्या वाजवाच. सोबत एवढंच विचारा: "साहेब, पदकाच्या आधी काय दिलंत?"