चव आणि शुल्क

देवनारच्या वाईन शॉपच्या ज्या काउंटरवर क्षेपणभूमीवर राबणारा मजूर आणि नव्या मनोऱ्यांतील अधिकारी एकाच रांगेत उभे राहतात, तेथे मांडलेल्या व्हिस्कींची प्रतवारी किमतीवरून लावण्याची जी सवय आम्हां ग्राहकांना जडली आहे, ती चवीपेक्षा सरकारी खजिन्याचीच अधिक सेवा करते, असे माझे मत आहे. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने क्वार्टरची, म्हणजे 180 मिलिलिटरची, किमान किंमत देशीसाठी 80, धान्याधारित ‘महाराष्ट्र मेड लिकर’साठी 148, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यासाठी 205 आणि उंची विदेशी मद्यासाठी 360 रुपये अशी मुक्रर केली. या पायऱ्या महसुलाच्या आहेत. 148 रुपयांचे मद्य धान्याचेच असावयाचे; 205 रुपयांच्या बाटलीत मात्र, व्हिस्की हे नाव मिरवूनही, साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेला गंधहीन मद्यार्क आणि त्यात थोडे माल्ट, एवढेच असू शकते. युरोपात धान्यापासून गाळून किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरविल्याखेरीज ते नाव लावण्याची मुभा नाही.

स्कॉचचीही तीच कथा. नोव्हेंबर 2021 मध्ये राज्याने आयात स्कॉचवरील आपले शुल्क 300 टक्क्यांवरून 150 वर आणताच ती स्वस्त झाली. आतला द्रव तोच होता.

ज्यास खरी पारख करावयाची असेल, त्याने तोंडाशी निमुळत्या पेल्यांत सारखे माप घरातील दुसऱ्या कोणाकडून ओतवून घ्यावे, म्हणजे कोणत्या पेल्यात काय हे आपणांस ठाऊक राहत नाही; बर्फ, सोडा आणि चकणा दूर ठेवावा, कारण गारव्याने गंध मिटतो; आधी केवळ वास घ्यावा, मग दोन थेंब पाणी घालून पुन्हा घ्यावा. (ही पारख रीतसर करावयाची तर 1949 च्या दारूबंदी कायद्याखालील परवाना हवा, आणि तो अद्यापि आरोग्यरक्षणार्थ मिळतो!) मळीची व्हिस्की बहुधा आरंभीच गोड लागते आणि घोटाबरोबर संपते, जवाच्या माल्टची चव जिभेच्या कडांवर बराच वेळ रेंगाळते, आणि आयला बेटावरील, पीटच्या धुरावर वाळविलेल्या जवाची व्हिस्की प्रथमभेटीत थेट इस्पितळाची आठवण करून देते. वयाच्या आकड्यानेही भुलू नये. स्कॉटलंडच्या गारठ्यात पिंपातून वर्षाला सुमारे 2 टक्के मद्य उडून जाते, तर गोव्याच्या उष्म्यात सुमारे 8 टक्के, त्यामुळे कुंकळ्ळीच्या पॉल जॉनची थोडी वर्षे तिकडील बऱ्याच वर्षांचे काम करतात.

राज्य उत्पादन शुल्क विभागाने प्रत्येक बाटलीवर मद्यार्क कशाचा, माल्ट किती आणि किमतीत शुल्क किती, हे ठळक मराठीत छापविणे सक्तीचे करावे. ग्राहकास याची चाड नसते, असे कारखानदार म्हणतील. परंतु दिवसाच्या मजुरीतून 205 रुपये मोजणाऱ्यास हे विचारण्याचा अधिकार बारा वर्षांची स्कॉच घेणाऱ्यापेक्षा अधिकच आहे.