‘आढळलें नाहीं’ म्हणजे ‘नाहीं’ नव्हे

आरोग्यविषयक प्रबंध लिहिणाऱ्या तरुणांत हल्लीं ‘स्कोपिंग रिव्ह्यू’ची, म्हणजे एखाद्या विषयावर किती व कसें संशोधन झालें आहे याच्या व्याप्तीचा आढावा घेण्याची, मोठी टूम निघाली आहे. टूम वाईट नाहीं. परंतु हें काम सोपें आहे या समजुतीनें जो आळस बोकाळला आहे, त्याविषयीं मौन धरणें आम्हांस अशक्य झालें आहे.

परवां एका विद्यार्थ्यानें आपला मसुदा आमच्यापुढें ठेवला. विषय विंचुदंशावरील उपचार. निष्कर्ष असा, कीं ग्रामीण भारतांतील अनुभवावर आधारलेलें संशोधन जवळजवळ नाहींच. “शोधलें कोठें?” आम्हीं विचारलें. एकच सूची, एकच शोधशब्द, गेलीं दहा वर्षें आणि भाषा इंग्रजी! आतां महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचें लाल विंचवाच्या दंशावरील लेखन ‘लॅन्सेट’मध्यें आलें तें १९८२ सालीं, आणि प्राझोसिन या औषधाच्या उपयोगावरील बावस्कर दांपत्याचा लेख १९८६ सालीं. दहा वर्षांच्या एका कात्रीनें तें सारें कापलें गेलें, आणि उरलेल्या रिकाम्या जागेस ‘संशोधनांतील उणीव’ असें भारदस्त नांव मिळालें. अशाच उणिवा पाहून उद्यां कोणी पैसा वांटील, कोणी धोरण आंखील.

वेळ थोडा असतो, मर्यादा घालाव्याच लागतात, असें यावर सांगण्यांत येतें. घाला कीं! पण ती कां घातली हें शोधापूर्वीं लिहून ठेवा, आणि कोणते लेख कां गाळले याचा हिशेब द्या. आर्क्सी व ओमॅली या इंग्लंडांतील विदुषींनीं २००५ सालीं या आढाव्याच्या पांच पायऱ्या सांगितल्या. जाणत्यांशीं विचारविनिमय करण्याची सहावी ऐच्छिक ठेविली. २०१० सालीं लेव्हॅक व त्यांच्या कॅनडांतील सहकाऱ्यांनीं ती आवश्यकच मानावी असें म्हटलें. आमच्याकडे मात्र ‘ऐच्छिक’ हा शब्द दिसतांच सुटकेचा निःश्वास ऐकूं येतो. २०१८ सालीं निघालेल्या बावीस कलमी यादीच्या चौकटींत खुणा केल्या कीं कर्तव्य संपलें!

याहून घातक गोष्ट दुसरीच. या आढाव्यांत सामान्यतः संशोधनाचा कस लावीत नाहींत. भक्कम प्रयोग आणि दोन रोग्यांची हकीकत एकाच तक्त्यांत शेजारीं बसतात. नकाशापुरतें तें ठीक. पण त्याच नकाशावरून शेवटच्या पानावर अमुक औषध द्यावें अशी शिफारस करण्यास हीं मंडळी कचरत नाहींत.

आमचा विद्यार्थी थोडा हिरमुसला. त्यास आम्हीं ग्रंथपालाकडे धाडलें आहे, आणि नंतर कोंकणांतल्या एखाद्या तालुक्याच्या इस्पितळांत जाऊन तेथील डॉक्टरांस विचारावयास सांगितलें आहे.