बारसं, बाबा आणि रुसलेलं वाय-फाय

मंडळी, रविवारी सकाळी दहापर्यंत लोळणं हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे. पण त्या रविवारी साडेनऊलाच फोन खणखणला. पलीकडे बाबा. थेट मिरजेहून.

‘अरे, तुझ्या त्या लिनक्सने ऐनवेळी घात केला. वाय-फायच गायब झालंय!’

झोप खाडकन उतरली. कारण दहा वाजता तिकडे मेलबर्नला ताईच्या लेकीचं बारसं होतं आणि इकडून सगळं घर व्हिडिओ कॉलवर हजर राहणार होतं. आता तुम्ही म्हणाल, मग मोबाइलवर बघा की! पण आमची आजी नव्वदीच्या पुढची. मोबाइलच्या टीचभर स्क्रीनवर तिला नुसते हलणारे ठिपके दिसतात. पणतीचा चेहरा बघायचा तर लॅपटॉपच हवा. आजी म्हणे सकाळी आठपासून नवी साडी नेसून खुर्चीत बसली होती.

आणि लॅपटॉपवर लिनक्स टाकण्याचा उपद्व्याप माझाच. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. बाबांचा लॅपटॉप 2012 सालचा. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तिथे याला ‘नो एंट्री’. चालता-बोलता लॅपटॉप भंगारात काढायचा? जिवावर आलं. दिवाळीला घरी गेलो तेव्हा त्यावर लिनक्स मिंटची हलकीफुलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकून दिली. म्हातारा घोडा पुन्हा दौडायला लागला. बाबा खूश, मी दुप्पट खूश. आणि आता हे!

मग मी काय केलं? जे प्रत्येक अर्धवट एक्स्पर्ट करतो तेच. थेट टर्मिनल उघडायला लावला.

‘बाबा, टाइप करा. आय, पी, मग स्पेस, मग लिंक.’
‘लिंक मराठीत लिहू की इंग्रजीत?’
‘इंग्रजीत! एल, आय, एन, के.’
‘कमांड नॉट फाउंड म्हणतोय.’
‘स्पेस दिलीत ना?’
‘स्पेस म्हणजे मोकळी जागा ना? दिली की. आय आणि पीच्या मध्ये.’

नऊ पन्नास झाले. मागून आईचा आवाज, ‘त्या बिचाऱ्या कधीच्या ताटकळल्यात, होणार आहे का नाही ते एकदा सांगा!’ बाबा चिडलेले, मी घामाघूम. आणि तेव्हा कुठे ट्यूब पेटली. अरे, मला वाय-फाय दुरुस्त करायचंय की आजीला बारसं दाखवायचंय?

‘बाबा, ते सगळं राहू द्या. फोनच्या चार्जरची वायर काढा, एक टोक फोनला, दुसरं लॅपटॉपला. आता फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग. तिथे यूएसबी टेदरिंग ऑन करा.’

दहा सेकंदांत लॅपटॉप ऑनलाइन. लिनक्सला अँड्रॉइड फोन असा जोडला की तो त्याला सरळ वायरवालं नेटवर्क समजतो. बहुतेक वेळा ड्रायव्हर शोधायचीही गरज पडत नाही. बाळाच्या कानात ‘कुर्र’ झालं तेव्हा आजी स्क्रीनला नाक लावून बसली होती, असा आईचा नंतर रिपोर्ट आला.

दुपारी जेवणं आटोपल्यावर मी पुन्हा फोन केला. या वेळी शहाण्यासारखा. ‘बाबा, नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक करा आणि काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाचा.’

बाबांनी शांतपणे वाचलं, ‘वाय-फाय इज डिसेबल्ड बाय हार्डवेअर स्विच.’ आणि पुढे म्हणाले, ‘हे सकाळपासून लिहिलेलं आहे. तू विचारलंस कुठे?’

घ्या! जुन्या लॅपटॉपच्या पुढच्या कडेला वाय-फायचं एक इवलंसं सरकतं बटण असायचं, आठवतंय? शनिवारी बाबांनी बारशासाठी लॅपटॉप फडक्याने लख्ख पुसला होता. बटण सरकलं. लिनक्स बिचारं निर्दोष!

तर मंडळी, स्वतःचं नाक कापून घेऊन शिकलेली ही गोष्ट तुमच्यासाठी. लिनक्सवर वाय-फाय रुसलं की या क्रमानेच जा.

आधी काम, मग कारण. मीटिंग पाच मिनिटांवर असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. यूएसबी टेदरिंग करा आणि मोकळे व्हा. फक्त वायर डेटावाली हवी. काही स्वस्त वायरी नुसतं चार्जिंग करतात.

आजारी कोण ते बघा. त्याच वाय-फायवर फोन चालतोय का? नसेल तर राउटर बंद-चालू करा. लॅपटॉपला उगाच शिव्या नकोत.

स्क्रीन वाचा. खरंच वाचा. कारण पुढचा इलाज तिथल्या एका ओळीवर ठरतो.

*‘डिसेबल्ड’ लिहिलंय?* मग बटण, फंक्शन-की किंवा एअरप्लेन मोड. खात्री करायची तर टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ टाइप करा, सगळं स्मॉल लेटर्समध्ये. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे येस असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’, वायफाय एका शब्दात. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे येस असेल तर कमांड काही करू शकत नाही, बटणच शोधायला हवं.

*वाय-फायचं नावच कुठे नाही?* मग ड्रायव्हरचं प्रकरण. वाय-फायच्या चिपला दोन गोष्टी लागतात. एक ड्रायव्हर, जो बहुधा लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो. आणि दुसरी फर्मवेअर, म्हणजे चिपच्या पोटात घालायची छोटी फाइल, जी बऱ्याचदा कंपनीच्या मालकीची असते. याच मालकीच्या मुद्द्यावरून डेबियनसारखी तत्त्वनिष्ठ मंडळी वर्षानुवर्षं ती फाइल आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालत नव्हती. 2023 च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन 12 पासून ती घालायला लागली आणि अनेकांचा जीव भांड्यात पडला. तुम्ही मिंटवर असाल तर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा, उबुंटूवर असाल तर ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’. नेट लागेल, त्यासाठी पुन्हा आपलं टेदरिंग आहेच. आणि हो, सिक्युअर बूट चालू असेल तर असा बाहेरचा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन आली की ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाबरून ती स्क्रीन बंद केलीत तर ड्रायव्हर असून नसल्यासारखा!

*शेजाऱ्यांचं दिसतंय, पण आपलंच नाही?* जुनं कार्ड फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारं असू शकतं आणि राउटर 5 वर. दोन्ही बँड चालू ठेवा. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारतोय? राउटरची सिक्युरिटी नुसती डब्ल्यूपीए 3 आहे का ते बघा. जुन्या कार्डांना ती झेपेलच असं नाही. डब्ल्यूपीए 2 आणि 3 असं मिक्स्ड सेटिंग ठेवा.

*कनेक्टेड आहे, पण पान उघडत नाही?* टर्मिनलमध्ये ‘पिंग’ लिहून पुढे 8.8.8.8 टाका. उत्तर येतंय, पण साइटच्या नावाने पिंग केलं की येत नाही? मग गडबड डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या पोस्टमनची. कॅफेत हे झालं तर व्हीपीएन बंद करून बघा, लॉगिनचं पान त्यामुळेही अडकतं.

*चालतंय, पण मध्येच मान टाकतंय?* संशयित नंबर एक म्हणजे बॅटरी वाचवणारं पॉवर सेव्हिंग. उबुंटू आणि मिंटमध्ये नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंग फाइलमध्ये ‘वायफाय डॉट पॉवरसेव्ह’समोर 3 असतो, म्हणजे चालू. तिथे 2 केलं आणि रीस्टार्ट केलं की बंद. बॅटरी थोडी कमी पुरेल, पण मीटिंग तुटणार नाही.

आणि ज्यांनी अजून लिनक्स टाकलेलंच नाही, फक्त विचार चाललाय, त्यांच्यासाठी लाखमोलाचा सल्ला. इन्स्टॉल करण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा. वाय-फाय, आवाज, कॅमेरा तिथेच तपासा. लग्नाआधी मुलगा-मुलगी भेटतात ना, तसंच. हार्ड डिस्कला हातही लागत नाही आणि पुढचा मनस्ताप वाचतो.

बाबांनी त्या बटणावर आता चिकटपट्टी लावून टाकली आहे. वर पेनाने लिहिलंय, ‘हात लावू नये’. आणि परवा त्यांचा पुन्हा फोन आला. शेजारच्या काकांचा लॅपटॉप वाय-फाय पकडत नव्हता म्हणे.

‘मग काय केलंत?’ मी विचारलं.

‘काही नाही. म्हटलं, आधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा.’