फॉरेनचं स्थळ

रशियन बायका ग्रीन कार्डासाठी लग्न करतात, आणि इंटरनेटवरून बायको शोधणारा अमेरिकन म्हणजे पन्नाशीचा, टकलू आणि एकटा. ऑफिसात चहाच्या वेळी हा विषय निघाला की हशा ठरलेला. मला मात्र या विनोदामागे एक अख्खा धंदा दिसतो.

१९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. त्यानंतर रशिया-युक्रेनच्या मुलींचे फोटो अमेरिकेत कॅटलॉगमधून आणि पुढे वेबसाइटवरून झळकू लागले. विकलं काय जात होतं? 'घरगुती, नवऱ्याचं ऐकणारी बायको'. यातल्या बऱ्याच साइट्स पत्रागणिक किंवा चॅटच्या मिनिटागणिक पैसे लावतात. आता मला सांगा, मीटर पत्रांवर फिरत असेल तर सिस्टिम काय वाढवणार, लग्नं की पत्रं? दोघं भेटून मोकळे झाले की गिऱ्हाईक गेलं! मग मुलीच्या नावाने पत्रं लिहायला पगारी माणसं बसवली जातात, यात नवल ते काय.

पण फसतो तो फक्त पुरुष, असं समजू नका. अशा लग्नातून अमेरिकेत गेलेल्या काही बायकांचे नवऱ्यांनी खून केले. त्यानंतर तिथे कायदा झाला. जानेवारी २००६ मध्ये त्यावर सही झाली. मुलीचा पत्ता-फोन गिऱ्हाइकाला देण्याआधी एजन्सीने त्याचे गुन्हे आणि आधीची लग्नं यांची माहिती तिला तिच्या भाषेत द्यायची, आणि तिची लेखी संमती घ्यायची. म्हणजे विनोदातली 'चालू' बाईच खरी धोक्यात होती.

आपल्याकडे साचा वेगळा, युक्ती तीच. विवाहाच्या साइटवर 'लंडनचा डॉक्टर' भेटतो. महिनाभर गोड बोलतो, मग गिफ्ट पाठवतो. पाठोपाठ 'कस्टम्स'मधून फोन येतो: पार्सल अडकलंय, ड्यूटी भरा. मग दंड भरा, मग आणखी काहीतरी. पैसे जातात कुणाच्या तरी खासगी बँक खात्यात. (खरं कस्टम्स खातं असे पैसे मागत नाही, हे लक्षात ठेवा.) २०१६ साली केंद्र सरकारने या साइट्सना युजरची ओळख तपासण्याच्या सूचना दिल्या. पण हा डॉक्टर खपतो तो 'फॉरेनचं स्थळ' या दोन शब्दांच्या वजनावर. ते वजन त्याला आपणच दिलंय.

आणि फसल्यावर? "फॉरेनचा नवरा हवा होता ना, भोग आता!" हे ऐकायला लागेल म्हणून कितीतरी जणी पोलिसांकडे जातच नाहीत. चोराला आणखी काय हवं? आधी आपला साचा त्याला आमिष पुरवतो आणि नंतर तोच साचा फसलेल्याचं तोंड बंद करतो.

तेव्हा ओळखीतलं कुणी यात सापडलं तर हसू नका. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावून द्या. पैसे पुढे सरकायच्या आत तक्रार गेली तर ते अडवता येण्याची शक्यता असते. आपला शहाणपणा काय, नंतरही शिकवता येईल.