मनगटावरची नोंद आणि मनाचें दुखणें

रंकाळ्याच्या कांठीं सकाळीं फिरावयास निघणाऱ्या मंडळींच्या मनगटावर हल्लीं जें घड्याळ दिसतें, तें वेळ दाखविण्यापेक्षां इतर कामेंच अधिक करतें. पावलें मोजावीं, नाडीचे ठोके मोजावे, रात्रीं झोंप किती लागली तें सकाळीं सांगावें, असा त्याचा व्यवसाय. वडील मंडळी त्याकडे कौतुकानें पाहतात, तरुण मंडळी आंकड्यांची चढाओढ लावतात. पण हीच नोंद दवाखान्यांतील संगणकावरच्या रुग्णपत्रिकेस जोडली, तर मनाच्या दुखण्यांत तिचा उपयोग होईल काय, हा प्रश्न वैद्यांपुढें आहे. तो आमच्या एकत्र कुटुंबांपुढेंही लवकरच येणार, म्हणून त्याचा विचार आज करूं.

उपयोग होईल असें मानण्यास कारण आहे. मनाचे बहुतेक विकार रक्त तपासून ओळखतां येत नाहींत. रोगी महिन्यांतून एकदां डॉक्टरांपुढें थोडा वेळ बसतो, आणि मधल्या तीस दिवसांचा वृत्तांत त्याच्या किंवा सोबतच्या नातेवाइकाच्या आठवणीवर अवलंबून असतो. उन्माद आणि विषाद आलटून पालटून येणारा जो विकार, ज्यास डॉक्टर बायपोलर म्हणतात, त्यांत उन्मादाच्या आधीं पुष्कळ वेळां झोंप घटते. माणूस तीन-चार तासच निजतो, आणि तरीही थकत नाहीं. घरच्यांस तो उत्साह वाटतो. ‘आतां कसा पहिल्यासारखा कामाला लागला!’ असें म्हणून सगळे समाधान मानतात. त्याच आठवड्यांत डॉक्टरांस झोंपेचे आंकडे दिसले, तर औषध वेळींच बदलून पुढचा प्रसंग कदाचित् टळेल. कोल्हापुरास सर्वांत जवळचें सरकारी मनोरुग्णालय रत्नागिरीस, म्हणजे घाटाखालीं. झटका आल्यावर आपल्या माणसाला तेथवर नेणें म्हणजे काय, हें ज्यांनीं केलें त्यांनाच ठाऊक.

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या पुढाकारानें युरोपांत २०१६ सालीं सुरू झालेल्या ‘रडार-सीएनएस’ या प्रकल्पांत विषादाचा विकार वारंवार होणाऱ्या ६२३ जणांच्या मनगटांवर असलीं घड्याळें बांधून त्यांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. झोंपेच्या नोंदीचा आणि विषादाच्या तीव्रतेचा संबंध त्यांत आढळला. मात्र अनेकांच्या आंकड्यांत संबंध आढळणें वेगळें, आणि आपल्या घरच्या एका माणसाविषयीं उद्यांचें सांगणें वेगळें.

कारण घड्याळास झोंप दिसत नाहीं. हात हालला कीं नाहीं हें त्यास कळतें, आणि कातडीवर हिरवा प्रकाश टाकून तें नाडीचा अंदाज घेतें. निश्चल पडून, छताकडे पाहत रात्र काढणारा विषण्ण माणूस त्याच्या लेखीं झोंपलेला ठरूं शकतो. उलट, नवरात्रांत अष्टमीच्या रात्रीं अंबाबाईची नगरप्रदक्षिणा पाहून उशिरां घरीं येणारी, किंवा चैत्रांत जोतिबाचा डोंगर पायीं चढणारी चांगली धडधाकट व्यक्ति नुसत्या आंकड्यांवरून उन्मादाच्या उंबरठ्यावर दिसावी! म्हणून आंकड्यांशेजारीं माणसाचे दोन शब्द हवेत.

कागदपत्रांची व्यवस्था आपल्याकडे हळूहळू होत आहे. शेजारच्या कर्नाटकानें मानसिक आरोग्याच्या नोंदींसाठीं ‘ई-मानस’ ही संगणकीय व्यवस्था उभी केली. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनाखालीं देशभर १४ आंकडी ‘आभा’ क्रमांक मिळतो. त्या व्यवस्थेंत कोणती नोंद, कोणास, कशासाठीं आणि किती काळ दाखवावयाची याची संमति रुग्णानें द्यावयाची असते, व ती परतही घेतां येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें, जो २०१८ पासून अंमलांत आहे, रुग्णाच्या गुप्ततेचा हक्क संगणकांतील माहितीसही स्पष्टपणें लागू केला आहे.

परंतु आम्हांस खरी काळजी दवाखान्याची नाहीं, घरची आहे. घड्याळ फोनला जोडलेलें असतें, आणि पुष्कळदां तो फोन, त्याची किल्ली किंवा निदान घड्याळाचें खातें विकत घेऊन देणाऱ्या पुतण्याच्या अगर मुलाच्या हातीं असतें. मग डॉक्टरांआधीं घर वाचूं लागतें. ‘काल रात्रीं अडीचपर्यंत जागी होतीस ना?’ असें सकाळीं चहाच्या वेळीं चारचौघांत विचारणें हें प्रेमानें होतें, पण ज्या सुनेस तें विचारलें तिला तें प्रेम वाटत नाहीं. कांहीं विकारांत तर आपल्यावर पाळत आहे हाच रोग्याचा भ्रम असतो. त्याच्या हातास पाळत ठेवणारें यंत्र बांधून तें भ्रमाचें औषध कसें व्हावें? आणि घरांत लग्नाची बोलणी चालू असतां ती नोंद कोणाच्या तोंडून कोठें जाईल, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको.

यासाठीं आमचें मत असें, कीं दुखणें शांत असतांना रोग्यानेंच ठरवावें. आपल्या वतीनें बोलणारा माणूस नेमण्याचा हक्क उपर्युक्त कायद्यानें त्यास दिला आहे. साध्या कागदावर सहीनें किंवा अंगठ्यानें तें होतें, आणि तो माणूस कर्ता पुरुषच असावा असें मुळींच नाहीं. थोरल्या काकांपेक्षां धाकटी बहीण बरी वाटली, तर बहीण. उपचार कसे व्हावे याची पूर्वसूचनाही आधीं लिहून ठेवतां येते. त्याच वेळीं घड्याळाचा प्रश्नही मिटवावा: झोंपेची नोंद डॉक्टरांकडे जावी, पावलांची जाऊं नये, ती सहा महिने जावी, मग पुन्हां विचारावें, घरांतील इतरांच्या फोनवर ती दिसूं नये.

आणि डॉक्टरांसही एक प्रश्न विचारून घ्यावा, कीं ही नोंद प्रत्यक्ष वाचणार कोण, आणि केव्हां. कारण पत्रिकेस जोडलेला आंकडा रात्रीं दोन वाजतां कोणी पाहत बसलेला नसतो. त्या वेळेस आधार हवा असेल, तर २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालते. तेथें मराठींत बोलतां येतें.