संस्थेची इमारत : पंखे मिळतात, वीजबिल कोण भरणार?

व्यापाऱ्यांची किंवा कारागिरांची एखादी संघटना चार-पाच वर्षे नीट चालली की वार्षिक सभेत एक ठराव हमखास येतो : आता आपली स्वतःची इमारत हवी. मागणी रास्त आहे. बैठका कुणाच्या तरी दुकानाच्या माळ्यावर, रजिस्टर सेक्रेटरीच्या घरी आणि शिक्का खजिनदाराच्या खिशात, अशा संस्थेची दखल ना बँक घेते, ना सरकारी कचेरी. परंतु इमारत उभारणे आणि ती चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी आपण पावतीबुक घेऊन गावोगाव फिरतो. दुसऱ्याचा विचार मात्र उद्घाटनाचा मंडप उतरल्यावर सुरू होतो.

दमडीचा धडा

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या माणसाला वर्गणीचे मोल समजावून घेण्यासाठी लांब जायला नको. किल्ल्याजवळची दमडी मशीद १५६७ च्या सुमारास निजामशाहीतील सरदार साहिरखान याने बांधली. किल्ल्याच्या कामावर असलेल्या मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली, अशी परंपरा आहे. नावही त्यावरूनच पडले. मशीद लहान आहे, पण तिच्या दगडावरचे कोरीवकाम आजही पाहणाऱ्याला थांबवते. साहिरखानाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात राहिले, लोकांच्या तोंडी मात्र दमडीच राहिली. ज्या वास्तूत प्रत्येकाची दमडी असते, ती प्रत्येकाला आपली वाटते.

याचा अर्थ मोठ्या देणगीदाराची गरज नाही असा नव्हे. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. १८८० मध्ये शाळा सुरू झाली. बोरीबंदर स्टेशनासमोरची देखणी इमारत झाली ती १८९३ मध्ये. म्हणजे संस्था आधी, काम त्यानंतर आणि मोठी वास्तू तब्बल एकोणीस वर्षांनी. काम दिसले, म्हणून देणाऱ्यांचे हात सैल झाले. आज आपल्याकडे बरेचदा उलटे घडते. आधी कोनशिला, मग कामाचा शोध.

दुसरे उदाहरण पुण्याचे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या शिष्यांनी व चाहत्यांनी ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन केले. ही विद्वानांची संस्था, पण तिची गरज आपल्यासारखीच होती : जागा, इमारत, कपाटे आणि रोजचा खर्च. मुख्य इमारतीसाठी सर दोराबजी आणि सर रतन टाटा या बंधूंनी पैसे दिले. भांडारकरांनी स्वतःचा ग्रंथसंग्रह दिला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी औंधच्या राजेसाहेबांनी एक लाख रुपयांचे वचन दिले. पुढे हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी तेथील अतिथिगृहासाठी देणगी दिली. ते आजही निजाम अतिथिगृह म्हणून ओळखले जाते. त्याशिवाय महाभारताच्या प्रकाशनासाठी त्यांनी काही वर्षे दरसाल एक हजार रुपयांची मदत मंजूर केली.

या शेवटच्या रकमेकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. अतिथिगृहावर नाव लागले. दरसालच्या हजारावर कुणाचे नाव कोरलेले नाही, पण काम चालते ते अशाच पैशावर. १९१९ मध्ये सुरू झालेली ती आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. सत्तेचाळीस वर्षे केवळ भिंतींच्या जोरावर निघत नाहीत.

नावाचा पंखा

आमच्या जिल्ह्यातील एका धंद्याच्या संस्थेची इमारत मी पायापासून उभी राहताना पाहिली. विटा, सिमेंट आणि लोखंड यांसाठी धावपळ झाली, पण सामान भरण्याची वेळ आली तेव्हा सभेत अक्षरशः चढाओढ लागली. कुणी पंखा बोलले, कुणी भिंतीवरचे घड्याळ, कुणी लोखंडी कपाट, कुणी पाण्याची टाकी. प्रत्येक वस्तूवर ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी अक्षरे रंगवली गेली. एका पंख्याच्या तीन पात्यांवर तिघा भावांची नावे होती. सहा महिन्यांनी वीजबिल थकले तेव्हा त्याच सभेत सगळे खाली मान घालून बसले. बिलावर नाव रंगवता येत नाही ना!

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. संस्थेच्या सभासदांत चांगले सुतार होते. टेबले-खुर्च्या मात्र मोठ्या शहरातील शोरूममधून आल्या, कारण त्या ‘ऑफिससारख्या’ दिसतात. सुतारांच्या वाट्याला आली दारे-खिडक्यांची किरकोळ कामे, तीही ‘संस्थेचे काम आहे, सवलतीत करा’ असे सांगून. मजुरीची रक्कम कित्येक महिने लोंबकळत राहिली. ज्या कारागिराच्या हितासाठी संस्था काढली, त्याच्याच घामाचे पैसे अडवून तिची खुर्ची सजवायची, हा कुठला न्याय? दान द्यायचे असेल तर त्याने आपल्या मर्जीने द्यावे. मजुरी ही वेगळी बाब आहे आणि ती वेळेवर मिळालीच पाहिजे.

चार गोष्टी पक्क्या करा

ज्या गावांत सध्या अशा इमारतींची बोलणी चालू आहेत, तेथील बंधूंनी पायाभरणीपूर्वी चार गोष्टी लिहून काढाव्यात.

पहिली, जागा कुणा पदाधिकाऱ्याच्या नव्हे, संस्थेच्या नावावर हवी. सिटी सर्व्हेचा उतारा स्वतः पाहिल्याशिवाय एक रुपयाही गोळा करू नये.

दुसरी, प्रत्येक देणगीतून ठरावीक हिस्सा देखभालीसाठी बँकेत कायम ठेवीत ठेवावा. पंखा देणाऱ्याकडून पंख्याबरोबर वर्षभराच्या विजेचेही पैसे मागावेत.

तिसरी, सामानाची कामे आधी सभासद कारागिरांकडे द्यावीत. कोटेशन लेखी, दर बाजाराचा आणि पैसे वेळेवर.

चौथी, खालचे गाळे भाड्याने देताना पदाधिकाऱ्यांच्या नातलगांना वेगळा दर नको. संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेली असेल, तर इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. वर्षानुवर्षे हे अर्ज न दिल्याने संस्था कुणाच्या ताब्यात हेच ठरत नाही, आणि मग चंद्याचा पैसा वकिलांच्या फीमध्ये जातो.

आणि हिशेब? तो दरवर्षी नोटीस बोर्डावर लावावा. देणगीदारांच्या नावाची फरशी दारात असते, तशीच जमाखर्चाची पाटीही दारात असावी. लोकांनी दिलेला पैसा ही अमानत आहे. दमडी देणाऱ्यालाही आपल्या दमडीचे काय झाले ते उभ्या उभ्या वाचता आले, तर पुढच्या वर्षी पावतीबुक घेऊन फिरताना कुणाच्या दारात फार वेळ थांबावे लागणार नाही.